वाचकांचे प्रश्न : आधी धूसर, मग स्पष्ट

ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर चित्रे टप्प्याटप्प्याने दाखवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, पण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्या आधारानेच दिली असल्याने ते आधी वाचावे.

प्रश्न : आमच्या ॲपमध्ये छायाचित्रांची लांबलचक यादी आहे. नेटवर्क मंद असले की चित्राच्या जागी बराच वेळ पांढरा चौकोन दिसत राहतो. आमच्या संकेतस्थळावर तीच चित्रे पडदा सोडल्यासारखी वरून खाली उतरत येतात. “सगळी चित्रे प्रोग्रेसिव्ह करा, म्हणजे ती लवकर येतील,” असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. प्रोग्रेसिव्ह करणे म्हणजे नेमके काय आणि त्याने चित्रे खरोखर लवकर येतात का?

सहकाऱ्याचा सल्ला वाईट नाही, कारण मात्र चुकीचे आहे. फाइल जेवढ्या बाइटची असेल तेवढे बाइट नेटवर्कवरून यावेच लागतात आणि प्रोग्रेसिव्ह केल्याने त्यात फार मोठी घट होत नाही. मोठ्या छायाचित्रांची फाइल बहुधा थोडी लहान होते हे खरे. अगदी छोट्या चित्रांची कधी कधी वाढतेसुद्धा. बदलतो तो माहिती येण्याचा क्रम. साध्या फाइलमध्ये चित्राचा वरचा भाग सगळ्या तपशिलासह आधी लिहिलेला असतो, त्यामुळे अर्धी फाइल आली की अर्धेच चित्र दिसते. प्रोग्रेसिव्ह फाइलमध्ये आधी संपूर्ण चित्राचा ढोबळ आराखडा असतो आणि त्याच आराखड्यावर मागाहून तपशील चढत जातो, त्यामुळे फाइलचा लहानसा अंश हाती येताच चित्र कशाचे आहे ते कळते. शेवटचा बाइट पूर्वी यायचा त्याच सुमारास येतो, पण तोवर पाहणाऱ्याला रिकाम्या चौकोनाकडे बघत बसावे लागत नाही.

हे साधते कसे, ते थोडे खोलात जाऊन सांगतो, कारण पुढचे अनेक निर्णय त्यावर अवलंबून आहेत. जेपेग हे छायाचित्रांच्या फाइलींचे मानक १९९२ मध्ये मंजूर झाले तेव्हापासूनच त्यात ही सोय आहे. जेपेगमध्ये चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातील ६४ किमतींचे ६४ गुणांकांत रूपांतर केले जाते. त्यांतील पहिला गुणांक त्या चौकोनाची सरासरी किंमत सांगतो आणि उरलेले ६३ गुणांक त्या सरासरीभोवतीचे चढउतार सांगतात. सुरुवातीचे संथ, नंतरचे अधिकाधिक बारीक. साधी फाइल एका चौकोनाचे सगळे गुणांक लिहून मगच पुढच्या चौकोनाकडे वळते. प्रोग्रेसिव्ह फाइल सर्व चौकोनांचे केवळ पहिले गुणांक आधी लिहून टाकते, आणि एवढ्यावरूनच लांबी-रुंदी प्रत्येकी आठव्या हिश्शाची असलेली एक प्रत तयार होते. १६०० × १२०० पिक्सेलच्या छायाचित्राची ही प्रत २०० × १५० पिक्सेलची भरते. ती पूर्ण जागेत ताणून दाखवली की आपल्या ओळखीचे ते धूसर चित्र दिसते.

त्यानंतरच्या फेऱ्यांत उरलेले गुणांक गटागटाने येतात. काही गुणांक तर दोन-तीन हप्त्यांत येतात, म्हणजे त्यांचे वरचे बिट आधी आणि सर्वांत खालचा बिट मागाहून. लिबजेपेग या सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने (म्हणजे तयार कोडच्या संचाने) रंगीत छायाचित्रांसाठी ठरवून दिलेला क्रम १० फेऱ्यांचा आहे. उजळपणाच्या तपशिलाचा खालचा बिट त्यात मुद्दाम अगदी शेवटी ठेवला आहे, कारण सहसा तीच फेरी सर्वांत मोठी असते. चित्र ‘पूर्ण’ दिसू लागल्यावरही फाइल बराच वेळ उतरतच असते, त्याचे कारण हे आहे.

आता याची किंमत. साधी फाइल उलगडणारा, म्हणजे तिच्यातून चित्राचे पिक्सेल काढणारा, प्रोग्रॅम काही ओळी उलगडून त्या मोकळ्या करू शकतो. प्रोग्रेसिव्ह फाइलमध्ये शेवटची फेरी येईपर्यंत सगळ्या चित्राचे गुणांक मेमरीत धरून ठेवावे लागतात. रंगांची माहिती निम्म्या लांबी-रुंदीत साठवलेल्या ४००० × ३००० पिक्सेलच्या छायाचित्रासाठी, प्रत्येक गुणांकाला २ बाइट धरले, तर हा भार ३ कोटी ६० लाख बाइटचा होतो. शिवाय प्रत्येक फेरीनंतर चित्र नव्याने काढायचे म्हटले तर प्रोसेसरला तेवढ्या वेळा राबावे लागते. म्हणून दहाच्या दहा फेऱ्या पडद्यावर दाखवण्याचा हट्ट धरू नये. पहिली फेरी, मधली एखादी आणि शेवटची, एवढ्या पुरतात.

फाइली बदलण्यासाठी मूळ छायाचित्रे पुन्हा दाबण्याची (कॉम्प्रेस करण्याची) गरज नाही. जेपेगट्रान हे साधन गुणांकांना हात न लावता केवळ त्यांची मांडणी बदलते, त्यामुळे दर्जात काडीचाही फरक पडत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. सर्व पूरक माहिती नकलून घेण्याची सूचना दिली नाही, तर छायाचित्र कोणत्या बाजूने उभे धरायचे ही कॅमेऱ्याने नोंदवलेली खूण या प्रक्रियेत गळून पडते आणि दुसऱ्या दिवशी उभी छायाचित्रे आडवी झाल्याच्या तक्रारी येऊ लागतात. हे मी ऐकीव सांगत नाही.

प्रश्न : सर्व जेपेग फाइली प्रोग्रेसिव्ह केल्या. ब्राउझरमध्ये अपेक्षेप्रमाणे आधी धूसर, मग स्पष्ट असे दिसते. अँड्रॉइड ॲपमध्ये मात्र काहीच बदलले नाही. पूर्वीसारखेच आधी काही नाही आणि मग एकदम पूर्ण चित्र. आमचे काय चुकले?

फाइलमध्ये काही चुकलेले नाही. फाइल टप्प्याटप्प्याने वाचता येण्यासारखी असणे आणि ती वाचणाऱ्याने तशी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइडवर चित्र उलगडणारी नेहमीची यंत्रणा पूर्ण फाइल मागते आणि पूर्ण चित्रच परत देते, त्यामुळे अधल्यामधल्या फेऱ्या तिच्या पोटातच राहतात. ग्लाइड ही लोकप्रिय लायब्ररी याच यंत्रणेवर उभी असल्याने तिच्याकडून अधली चित्रे मिळत नाहीत. फेसबुकने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या फ्रेस्को लायब्ररीत ही सोय आहे, पण तीही चित्राच्या मागणीत स्पष्टपणे चालू करावी लागते. ॲपलच्या प्रणालींवर इमेज आयओ या चौकटीत वाढत जाणारी फाइल पुन्हा पुन्हा देऊन त्या त्या वेळचे चित्र काढून घेता येते, आणि एसडीवेबइमेज ही लायब्ररी तेच काम एका पर्यायावर करून देते.

केवळ या एका गोष्टीसाठी लायब्ररी बदलावी का? माझ्या मते बहुधा नाही. ग्लाइडमध्ये एकाच जागेसाठी दोन मागण्या जोडता येतात, एक छोट्या चित्राची आणि एक मोठ्या चित्राची. छोटे आधी आले तर ते दिसते आणि मोठे येताच त्याची जागा घेते. यात थोडे बाइट जादा खर्च होतात, पण छोटे चित्र बहुतेक वेळा आधीच्या यादीत दाखवलेलेच असते आणि ते कॅशेमधून, म्हणजे आधी उतरवलेल्या चित्रांच्या साठ्यातून, तत्काळ मिळते. वापरकर्ता यादीतल्या छायाचित्रावर बोट ठेवतो तेव्हा तेच छायाचित्र मोठ्या जागेत ताणून लगेच दाखवावे आणि मागाहून स्पष्ट करावे. असे असताना त्या जागी पांढरा पडदा दाखवणारी ॲप्स पाहिली की मला आश्चर्य वाटते.

प्रश्न : वेबपी या प्रकारच्या चित्र-फाइली लहान असतात असे वाचले. मग प्रोग्रेसिव्ह जेपेगच्या खटाटोपाऐवजी सरसकट वेबपी का वापरू नये? आणि पीएनजी या प्रकाराचे काय?

वेबपीमध्ये आधी ढोबळ, मग बारीक अशी मांडणी नाही. अर्धवट आलेली फाइल फार तर वरून खाली उलगडता येते. यादीतल्या छोट्या चित्रांसाठी वेबपी खुशाल वापरावे, कारण लहान फाइल झटकन येते आणि तिथे टप्प्यांना फारसा अर्थ उरत नाही. पूर्ण पडदा व्यापणाऱ्या मोठ्या छायाचित्रासाठी मात्र मंद नेटवर्कवर दोन्ही पर्याय चालवून डोळ्यांनी पाहावे. पीएनजीमध्ये ७ फेऱ्यांची गुंफण करता येते, म्हणजे पिक्सेल ७ हप्त्यांत विखरून लिहिता येतात, आणि तिच्या पहिल्या फेरीत दर ६४ पिक्सेलपैकी एक पिक्सेल येतो. पण शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून दूर पडल्यामुळे दाबणी नीट बसत नाही आणि फाइल सहसा वाढते. म्हणून ती वापरू नये असे माझे मत आहे.

प्रश्न : मी आराखडेकार (डिझायनर) आहे. चित्र येईपर्यंत त्या जागी काय दाखवावे यावर आमच्या गटात वाद आहे. काहींना एकरंगी चौकोन पुरेसा वाटतो, काहींना धूसर चित्र हवे आहे आणि काहींना फिरते चक्र. तुमचे मत काय?

वादाला हात घालण्यापूर्वी एक विचारतो : त्या जागेची उंची चित्र येण्याआधी ठरलेली आहे का? नसेल, तर त्या जागी काय दाखवता याला महत्त्व नाही, कारण चित्र येताच खालचा मजकूर धाडकन सरकेल आणि वाचणाऱ्याचे बोट भलत्याच ठिकाणी पडेल. म्हणून चित्राची लांबी-रुंदी यादीच्या माहितीबरोबरच सर्व्हरकडून पाठवावी आणि जागा राखून ठेवावी. वेबपानावर इमेज टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिली की आजचे ब्राउझर त्यांच्या गुणोत्तरावरून स्वतःच जागा राखतात. या एका सुधारणेचा लाभ कोणत्याही धूसर करामतीपेक्षा मोठा आहे.

जागा राखून झाली की मग सजावट. धूसर चित्रासाठी वेगळी फाइल मागवणे म्हणजे दुखण्यापेक्षा औषध जड, कारण त्या मागणीलाही नेटवर्कवर तेवढाच फेरा पडतो. धूसर प्रत मजकुराबरोबरच यायला हवी आणि त्यासाठी ती अत्यंत लहान असायला हवी. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये अशी प्रत २०० बाइटांत बसवल्याचे जाहीर केले. जेपेग फाइलचा ठरावीक मथळा (सुरुवातीचा तांत्रिक माहितीचा भाग) सगळ्या चित्रांसाठी सारखाच ठेवून तो ॲपमध्येच साठवायचा आणि प्रत्येक चित्रागणिक फक्त उरलेला भाग पाठवायचा, ही त्यातली युक्ती होती. वोल्ट या कंपनीतून आलेल्या ब्लरहॅश या पद्धतीच्या प्रोग्रॅमने पुढची पायरी गाठली. जेपेगसारख्याच कोसाइन लहरींचे (वर सांगितलेल्या चढउतारांचे) मोजके गुणांक घेऊन तो ते अक्षरांत लिहितो. आडवे ४ आणि उभे ३ घटक घेतले तर अख्खे चित्र २८ अक्षरांच्या ओळीत मावते आणि ती ओळ डेटाबेसच्या एका रकान्यात ठेवता येते. त्यात चित्राचे गुणोत्तर मात्र नसते, म्हणून लांबी-रुंदी वेगळी पाठवणे टळत नाही. २०२३ मध्ये आलेला थंबहॅश गुणोत्तरही सांभाळतो आणि पारदर्शक भागही. दोहोंपैकी काहीही वापरले तरी ती ओळ ३२ × ३२ पिक्सेलएवढ्याच आकारात उलगडावी आणि ताणण्याचे काम पडद्यावर सोडावे. पूर्ण आकारात उलगडण्याने काही साधत नाही, केवळ स्क्रोल अडखळतो.

आता माझे मत. छायाचित्रांना धूसर प्रत शोभते, कारण निसर्गदृश्य किंवा चेहरा धूसर असतानाही ओळखीचा वाटतो. मजकूर असलेली चित्रे, आलेख, पावत्या, बोधचिन्हे यांना ती शोभत नाही. धूसर अक्षरे पाहून वाचणारा डोळे ताणतो आणि आपल्यालाच नीट दिसत नाही की काय अशी शंका त्याला येते. तिथे चित्रातल्या मुख्य रंगाचा फिकट चौकोन पुष्कळ झाला. यादीत वीस चक्रे एकदम फिरताना पाहणे मला तरी असह्य होते. चक्र ठेवायचेच तर पूर्ण पडद्यावरच्या एका मोठ्या चित्रासाठी ठेवावे आणि तेही काही क्षण वाट पाहूनच दाखवावे. सुमारे ०.१ सेकंदाच्या आत घडलेली गोष्ट माणसाला तात्काळ घडल्यासारखी वाटते, ही मर्यादा वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडली आणि ती आजही उपयोगी आहे. चित्र कॅशेमधून तेवढ्यात येत असेल तर धूसर प्रत, चक्र आणि हळूच उमटण्याचा परिणाम हे सगळे गाळावे, नाहीतर आधी पाहिलेलेच चित्र दरवेळी लुकलुकत येते.

प्रश्न : आमच्या ॲपमध्ये यादी वेगाने सरकवली की एका व्यक्तीच्या नावासमोर क्षणभर दुसऱ्याच व्यक्तीचे छायाचित्र दिसते. कधी कधी स्पष्ट चित्र आल्यानंतर ते पुन्हा धूसर होते. टप्प्याटप्प्याने लोड करणे सुरू केल्यापासून हा त्रास वाढला आहे.

दोन्ही दोषांचे मूळ एकच आहे : उत्तर येईपर्यंत प्रश्न बदललेला असतो. लांब यादीत प्रत्येक ओळीसाठी नवा घटक (पडद्यावरची ओळीची चौकट) तयार होत नाही. वर निघून गेलेला घटकच खाली पुन्हा वापरला जातो. तिसऱ्या ओळीसाठी मागवलेले छायाचित्र उशिरा आले आणि तोवर तो घटक तेविसाव्या ओळीला दिला गेला असेल, तर तिसऱ्याचा चेहरा तेविसाव्यासमोर उमटतो. पूर्वी प्रत्येक ओळीमागे एक मागणी होती, आता छोटे आणि मोठे अशा दोन झाल्या, म्हणून त्रासही वाढला.

घटक नव्या ओळीला देताना तीन गोष्टी कराव्यात. जुनी मागणी रद्द करावी, जुने चित्र तत्काळ पुसून तिथे नव्या ओळीची धूसर प्रत ठेवावी आणि आपण आता कोणत्या चित्राची वाट पाहत आहोत ती ओळख घटकावर नोंदवावी. चित्र आले की ते लावण्यापूर्वी ही ओळख जुळते का ते तपासावे. न जुळल्यास चित्र कॅशेमध्ये ठेवावे, पडद्यावर लावू नये. मागणी रद्द केली आहे म्हणून ही तपासणी गाळू नका, कारण रद्द करण्याचा निरोप पोहोचण्याआधीच उत्तर निघालेले असू शकते. स्पष्ट चित्र पुन्हा धूसर होण्यावर उपायही याच धर्तीचा आहे : ओळखीबरोबर सध्याच्या चित्राची पातळीही नोंदवावी आणि खालच्या पातळीचे चित्र वरच्या पातळीवर कधीही लावू द्यायचे नाही.

चित्र उलगडण्याचे काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे पडदा हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यावर, होत नाही ना आणि ते दाखवायच्या आकारातच उलगडले जाते ना, हेही पाहावे. ४००० × ३००० पिक्सेलचे छायाचित्र प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट या हिशेबाने ४ कोटी ८० लाख बाइट मेमरी खाते, मग पडद्यावर ते टपाल तिकिटाएवढे का दिसेना. तेच ४०० × ३०० आकारात उलगडले तर ४ लाख ८० हजार बाइटांत भागते. वेबपानावर इमेज टॅगचा ‘लेझी’ पर्याय दिला की दृष्टीबाहेरची चित्रे ब्राउझर स्वतःच मागे ठेवतो. २०१९ मध्ये क्रोमने ही सोय आणली आणि आता प्रमुख ब्राउझरांत ती आहे. पान उघडताच दिसणाऱ्या पहिल्या मोठ्या चित्राला मात्र हा पर्याय लावू नये. सरसकट सगळ्या चित्रांना तो लावून टाकण्याने नेमके तेच चित्र उशिरा येते ज्याची वाचणारा वाट पाहत असतो.

प्रश्न : आम्ही संगणकावर जुने नकाशे पाहण्याची प्रणाली तयार करत आहोत. काही नकाशांच्या स्कॅन केलेल्या प्रती ४०,९६० × ३०,७२० पिक्सेलच्या आहेत. प्रोग्रेसिव्ह जेपेग करून पाहिले, तरी संगणक गुदमरतो.

गुदमरणारच. या चित्रात सुमारे १२५ कोटी ८३ लाख पिक्सेल आहेत आणि पूर्ण उलगडल्यावर त्याला ५०० कोटी बाइटांहून अधिक मेमरी लागते. क्रम बदलल्याने हा भार हलका होत नाही. इथे वेळेचे नव्हे तर जागेचे टप्पे पाडावे लागतात. मूळ चित्राचे २५६ × २५६ पिक्सेलचे तुकडे करावेत. तुमच्या नकाशाचे १६० × १२०, म्हणजे १९,२०० तुकडे होतील. मग चित्र लांबी-रुंदीत निम्मे करून त्याचे तुकडे, पुन्हा निम्मे करून त्याचे, असे करत जावे. आठव्यांदा निम्मे केल्यावर अख्खा नकाशा १६० × १२० पिक्सेलचा होऊन एकाच तुकड्यात मावतो. प्रत्येक थर आधीच्या थराच्या चौथाईएवढा असल्याने वरचे सगळे थर मिळूनही साठवण तिसऱ्या हिश्शानेच वाढते.

पाहणारा कुठे आहे आणि किती जवळून पाहत आहे यावरून थर निवडायचा आणि दृष्टीत येणारेच तुकडे मागवायचे. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर, काठावरचे अर्धवट तुकडे धरूनही, एका वेळी जास्तीत जास्त ५४ तुकडे लागतात, नकाशा कितीही मोठा असो. ऑनलाइन नकाशे याच पद्धतीने चालतात. मायक्रोसॉफ्टचा डीप झूम हा याच मांडणीचा प्रसिद्ध नमुना आहे, आणि ग्रंथालये व संग्रहालये वापरत असलेल्या ट्रिपल-आयएफ या मानकातही चित्राचा हवा तो भाग हव्या त्या आकारात मागवता येतो. तुमचे साहित्य जुने नकाशे असल्याने हे मानक आधी पाहावे असे सुचवतो.

सर्वांत वरचा एकमेव तुकडा नकाशा उघडताच मागवून मेमरीत कायम ठेवावा. पाहणारा कितीही वेगाने जवळ गेला तरी खालचे तुकडे येईपर्यंत वरच्या थरातला तोच भाग ताणून दाखवावा; जुना तुकडा नवा पोहोचण्याआधी काढून टाकलात तर नकाशात पांढरी भोके पडतात. मागण्यांची रांग लावताना पडद्याच्या मध्यापासून कडांकडे जावे, आणि पाहणारा पुढे सरकला की मागे पडलेल्या मागण्या रांगेतून आधी काढाव्यात, मगच नव्या घालाव्यात.